इव्हनसाँग कॅथलिक चर्चमध्ये: आधी स्तोत्र, मग बाकी सगळे

वसईतल्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) गायकवृंद सांभाळणाऱ्या ताईंनी विचारले आहे: प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, त्यांनी सोळाव्या शतकातल्या टॅलिसचे ‘इफ यी लव्ह मी’ आणि त्याच्या तीनशे वर्षांनंतरच्या स्टॅनफर्डची एक रचना बसवली. तालमीतच दोघा-तिघा ज्येष्ठांनी हरकत घेतली, की ही अँग्लिकन, म्हणजे रोमपासून वेगळ्या झालेल्या इंग्लंडच्या चर्चची गाणी, आपल्या चर्चमध्ये कशाला? इंग्लंडमधल्या काही कॅथलिक चर्चमध्ये चक्क इव्हनसाँग, म्हणजे अँग्लिकनांची गायलेली सायंप्रार्थना होते, असेही ताईंच्या कानावर आले आहे. हे नियमात बसते का, आणि आपल्याकडे करायचे झाले तर सुरुवात कुठून करावी?

ताई, नियमाचे उत्तर छोटे आहे, ते आधी देते. गीताची सुरावट कोणत्या मंडळीतल्या माणसाने रचली, याची आडकाठी नसते. शब्द कॅथलिक श्रद्धेला धरून आहेत का आणि उपासनेत त्या जागी शोभतात का, एवढे पाहायचे. आणि त्यात शेवटचा शब्द तुमच्या धर्मगुरूंचा. ‘डिव्हाइन वर्शिप’ हा मिस्साग्रंथ, म्हणजे वेदीवरच्या मुख्य उपासनेचा ग्रंथ, मात्र ऑर्डिनरिएटसाठी मंजूर झालेला आहे. तो आपल्या मनाने वसईच्या वेदीवर आणता येणार नाही. ऑर्डिनरिएट म्हणजे काय, ते पुढे सांगते.

मी पुण्यात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, म्हणजे अँग्लिकन वारसा असलेल्या, मंडळीत गात वाढले. लग्न वसईच्या कॅथलिक घरात झाले, मीही कॅथलिक झाले, आणि गेली चौदा वर्षे इंग्लंडमधल्या एका धर्मग्रामात गायकवृंद शिकवते. आमच्याच चर्चमध्ये रविवारी दुपारी ऑर्डिनरिएटची छोटी मंडळी उपासनेला जमते. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना मी बसलेली आहे, आणि तुमच्या ज्येष्ठांच्या मनात काय चालले असेल हे मला कळते. आपल्या घरात परक्याचे सामान येत आहे, असे त्यांना वाटते. म्हणून आधी त्या सामानावर कोणाचे नाव आहे ते पाहू.

टॅलिस तरुणपणी वॉल्थमच्या मठात संगीतकार होता. १५४० मध्ये राजाने तो मठ बंद केला आणि टॅलिसची नोकरी गेली. पुढे राजदरबाराच्या चॅपलमध्ये त्याने आठवा हेन्री, सहावा एडवर्ड, मेरी आणि एलिझाबेथ असे चार राज्यकर्ते पाहिले. दरबाराचा धर्म फिरला की उपासनेची भाषा फिरायची, आणि टॅलिस त्या भाषेत लिहायचा. तुम्ही बसवलेली रचना एडवर्डच्या काळातली, म्हणजे इंग्रजी उपासना कोवळी होती तेव्हाची. एका अक्षराला शक्यतो एकच स्वर, शब्द स्वच्छ ऐकू यावा, ही त्या काळची सक्त अपेक्षा होती. ज्या हाताने आधी लांबलचक लॅटिन रचना लिहिल्या, त्याच हाताने हे लिहिले. आणि शब्द कोणाचे? योहानच्या शुभवर्तमानातल्या चौदाव्या अध्यायातले, खुद्द ख्रिस्ताचे. तुमच्या ज्येष्ठांना हे जरूर सांगा.

त्याच्या बरोबरीचा विल्यम बर्ड तर उघड कॅथलिक. चर्चला हजर न राहिल्याबद्दल त्याच्या घरच्यांवर खटले झाले. तरी तो राणीच्या चॅपलमध्ये नोकरीला होता, अँग्लिकन उपासनेसाठी त्याने ‘ग्रेट सर्व्हिस’ लिहिली, आणि त्याच सुमारास तीन, चार आणि पाच आवाजांच्या तीन लॅटिन मिस्साही छापल्या. त्या कॅथलिक जमीनदारांच्या घरांत, बंद दाराआड गायल्या जायच्या. आज इंग्लंडच्या अँग्लिकन कॅथीड्रलमध्ये त्या मिस्सा गातात, आणि आम्ही कॅथलिक चर्चमध्ये त्याच्या इंग्रजी प्रार्थना गातो. बर्डला यापेक्षा मोठे समाधान काय मिळाले असते, असे मला दरवेळी वाटते.

इव्हनसाँगचेही तसेच. आर्चबिशप क्रॅनमर यांनी इंग्लंडच्या चर्चच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात मठातली सायंप्रार्थना आणि झोपण्याआधीची प्रार्थना एकत्र गुंफली. पहिलीतून मरियेचे स्तोत्र घेतले, दुसरीतून शिमोनाचे गीत. मधे दोन वाचने, आधी बायबलच्या स्तोत्रसंहितेतली स्तोत्रे. क्रॅनमर यांची धर्ममते कॅथलिक माणसाला मान्य होण्यासारखी नाहीत, हे मी झाकत नाही. पण साधू-साध्वींच्या मठात अडकलेली संध्याकाळची प्रार्थना त्यांनी गावातल्या साध्या माणसाच्या तोंडी दिली, आणि ती तिथे साडेचारशे वर्षे टिकली. कॅथलिक धर्मग्रामांत मात्र हीच प्रार्थना हळूहळू नाहीशी झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेवरच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटले, की रविवारी आणि मोठ्या सणांना चर्चमध्ये सर्वांनी मिळून सायंप्रार्थना व्हावी. किती धर्मग्रामांत होते? तुमच्याकडे होते का?

विसाव्या शतकातली देवाणघेवाण मला विशेष जवळची आहे. लंडनच्या कॅथलिक वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमध्ये १९०१ पासून रिचर्ड टेरी संगीतप्रमुख होते. टॅलिस आणि बर्डच्या विस्मरणात गेलेल्या लॅटिन रचना त्यांनी रोजच्या उपासनेत पुन्हा गायला लावल्या. त्या ऐकायला आपल्या विद्यार्थ्यांना कोण पाठवायचे? तुम्ही बसवलेले तेच स्टॅनफर्ड. त्या विद्यार्थ्यांपैकी हर्बर्ट हॉवेल्स यांची डोरियन मोडमधली (जुन्या चर्चसंगीतातल्या एका स्वरमालेतली) मिस्सा १९१२ मध्ये टेरींनी तिथेच गाऊन घेतली. हॉवेल्स पुढे अँग्लिकन इव्हनसाँगचे विसाव्या शतकातले सगळ्यात मोठे रचनाकार ठरले. त्यांच्या मरियेच्या स्तोत्रात जो मोडल, जुन्या मठाच्या भिंतींतून झिरपल्यासारखा सूर आहे, त्याचा एक झरा कॅथलिक कॅथीड्रलमध्ये आहे.

आणि ज्येष्ठांना अजून शंका असेल तर नाताळकडे बोट दाखवा. ‘अदेस्ते फिदेलेस’ या लॅटिन गीताची इंग्रजी ‘ओ कम ऑल यी फेथफुल’ फ्रेडरिक ओकली यांनी १८४१ मध्ये केली, तेव्हा ते अँग्लिकन धर्मगुरू होते. चार वर्षांनी कॅथलिक झाले. ‘होली, होली, होली’ लिहिणारे रेजिनाल्ड हीबर तर कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप होते, १८२६ मध्ये तिरुचिरापल्लीत वारले. आपल्या किती इंग्रजी मिस्सांमध्ये ही गीते सुरू आहेत!

आता ऑर्डिनरिएट. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी एक संविधान, म्हणजे पोपचा अधिकृत धर्मादेश, जाहीर केले: अँग्लिकन मंडळीतून गटागटाने कॅथलिक होऊ इच्छिणाऱ्यांनी आपली उपासनेची शैली, गीते, प्रार्थना मागे टाकून येण्याची गरज नाही. त्यासाठी धर्मप्रांतासारखी रचना झाली, पण ती भूगोलावर नव्हे, माणसांवर बेतलेली. २०११ मध्ये ब्रिटनसाठी, २०१२ मध्ये अमेरिका-कॅनडासाठी आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियासाठी, अशी तीन. त्या संविधानात या वारशाबद्दल दोन गोष्टी एका दमात म्हटल्या आहेत: त्या मंडळींच्या श्रद्धेचे पोषण करणारी ही मौल्यवान देणगी आहे, आणि इतरांशी वाटून घ्यायचा ठेवा आहे. दुसरा भाग तुमच्या कामाचा. २०१५ च्या आगमनकाळापासून त्यांचा स्वतंत्र मिस्साग्रंथ वापरात आला, पुढे रोजच्या प्रार्थनेचा ग्रंथही. आणि १३ मार्च २०१७ रोजी रोममध्ये संत पेत्राच्या महामंदिरात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजच्या गायकवृंदाने अँग्लिकन इव्हनसाँग गायले. तिथे झाले म्हटल्यावर वसईत टॅलिसची एक रचना गाण्याने कोणाचा धर्म बाटत नाही.

एवढे सांगूनही मी म्हणेन, की टॅलिस आणि स्टॅनफर्डपासून सुरुवात करू नका. मी केली होती.

आमच्या चर्चमध्ये पहिले इव्हनसाँग ठरले तेव्हा मी हौसेने स्टॅनफर्डचे सी मेजरमधले मरियेचे स्तोत्र निवडले. सोळा जण, सहा आठवडे तालीम. त्या संध्याकाळी चर्च भरले. लोक हात मांडीवर ठेवून शांत ऐकत बसले, संपल्यावर काही जणांनी टाळ्या वाजवल्या, मला फुले दिली. पुढच्या महिन्यात अकरा माणसे आली. माझ्या गायकांतलेही चार जण गळाले, कारण त्या सुरांनी त्यांचा घसा आणि धीर दोन्ही संपवले होते. ऑर्डिनरिएट मंडळीतल्या एका आजींनी मला बाजूला घेऊन विचारले, “सगळे छान झाले गं, पण आम्ही प्रार्थना कधी करायची?” त्यांनी साठ वर्षे अँग्लिकन चर्चमध्ये इव्हनसाँग म्हटले होते, बहुतेक वेळा गायकवृंदाशिवाय, पाच-सहा जणांत, थंडीत, कोट न काढता. माझा सगळा जीव अँथममध्ये, म्हणजे गायकवृंदाने एकट्याने गायच्या रचनांमध्ये होता. त्यांचा स्तोत्रांत होता.

त्यानंतर आम्ही एक वर्षभर अँथम गायलेच नाही. फक्त स्तोत्रे.

जुन्या प्रार्थनापुस्तकात दीडशे स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळ अशी साठ वाट्यांत विभागली आहेत. महिन्याची पंधरावी संध्याकाळ आली की अठ्ठ्याहत्तरावे स्तोत्र, सत्तरपेक्षा जास्त ओळी, एका दमात. जे रोज गातात त्यांना ही तारीख विसरता येत नाही. आपल्याला हवी तीच, गोड तीच स्तोत्रे निवडायची सोय नाही; रागाची, शापाची, रडण्याचीही येतात आणि आपण ती दुसऱ्या कोणासाठी म्हणतो. या परंपरेचा कणा हा आहे. बाकी अँथम, ऑर्गन, पांढरे झगे, सगळे त्या कण्यावरचे मांस.

स्तोत्र गाण्याची अँग्लिकन रीत दिसायला सोपी आहे. चार आवाजांचे दहा स्वरमेळ: ओळीच्या पहिल्या अर्ध्या भागाला चार, दुसऱ्याला सहा. ओळ कितीही लांब असो, प्रत्येक भागाच्या पहिल्या स्वरमेळावर शब्द बोलल्यासारखे म्हणत जायचे आणि शेवटच्या काही अक्षरांवर वळायचे. खरे शिक्षण तिथेच असते. नवखा गायकवृंद पहिल्या स्वरावर धावतो आणि शेवटी रेंगाळतो, जणू गाडी घाटात अडकली. आम्ही तालमीत आधी सूर बंद ठेवतो. सगळे मिळून स्तोत्र नुसते वाचायचे, एका वेगाने, एका श्वासावर, आणि मग तोच वेग सुरांत न्यायचा. ओळीच्या मधे जी विश्रांती आहे तिथे खरोखर थांबायचे. किती? समोरच्या माणसाचा श्वास ऐकू येईल इतके. ही शांतता जमेपर्यंत आम्हाला चार महिने लागले, आणि ती जमली त्या दिवशी बाकांवरची माणसे आपणहून आमच्याबरोबर म्हणू लागली. मी कोणालाही गा म्हणून सांगितले नव्हते.

गायक दोन रांगांत समोरासमोर उभे राहतात, एक ओळ या रांगेची, पुढची त्या रांगेची. आपल्याकडच्या माणसाला हे समजावायला मला कधीच वेळ लागत नाही. वारकरी भजनात टाळकरी असेच दोन रांगांत समोरासमोर असतात. आणि पुण्यात आमच्या घरामागच्या देवळात रोज तिन्हीसांजेला हरिपाठ चालायचा: तेच अभंग, तीच चाल, रोज, ऐकायला कोणी असो-नसो. मी लहानपणी खिडकीत बसून तो ऐकत आमच्या चर्चची गीते पाठ करायचे. श्रद्धा वेगळी आहे, आणि ती वेगळी आहे हे दोघांनाही ठाऊक असते. पण रोजच्या रोज, ठरलेल्या वेळी, ठरलेले शब्द, सगळ्यांच्या तोंडी: इव्हनसाँग म्हणजे काय असे मला कोणी मराठी माणसाने विचारले तर मी हरिपाठाची आठवण करून देते, आणि त्याच्या चेहऱ्यावर लगेच ओळख दिसते.

इथे एक अडचण येते, आणि वसईत तुम्हाला ती पहिल्याच तालमीत जाणवेल. इंग्रजी चालीवर मराठी स्तोत्र बसत नाही. मी दोन वर्षे खटपट केली आहे. इंग्रजीत शब्दातल्या एका अक्षरावर जोर पडतो आणि चालीची वळणे त्या जोरावर बेतलेली असतात. मराठी ऱ्हस्व-दीर्घावर चालते. जोर इतका ठाम नसतो. शिवाय आपले क्रियापद शेवटी. म्हणजे चालीतला सगळ्यात सुंदर, लांबवायचा भाग दर ओळीला ‘आहे’, ‘करतो’, ‘झाला’ यावर येऊन पडतो, आणि ‘परमेश्वर’ हा शब्द पहिल्या स्वरावर घाईघाईत निघून जातो. ऐकवत नाही. मराठीत चार आवाजांची चाल लादण्याचा हट्ट सोडा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

यावर आपल्याकडे एक जुने उत्तर आहे, आणि ते देणारा माणूस इंग्रजच होता. फादर थॉमस स्टीफन्स, १५४९ च्या सुमारास विल्टशरमध्ये जन्मलेले, म्हणजे ते पहिले प्रार्थनापुस्तक निघाले त्याच सुमारास. बर्ड बंद दाराआड गात होता त्या काळातले हे कॅथलिक, देश सोडून रोमला गेले, येशूसंघात आले आणि १५७९ मध्ये गोव्यात पोहोचले. इंग्रजी किंवा लॅटिन वृत्ते मराठीवर लादण्याऐवजी त्यांनी ओवी घेतली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले. १६१६ मध्ये ते रायतूर येथे छापले गेले आणि गोव्याच्या चर्चमध्ये गायले गेले. तुमच्या स्तोत्रांसाठी ओवीची चाल घ्या. तीन चरण सारखे, चौथा आखूड: विश्रांतीची जागा त्यातच घडलेली आहे. गद्य स्तोत्र असेल तर सा आणि प धरून ठेवणारी पेटी किंवा तानपुरा, एका सुरावर पठण, आणि अर्ध्या ओळीला एक, पूर्ण ओळीला दुसरे वळण, एवढेच पुरे. सगळे एकाच सुरात. चार आवाज इंग्रजी अँथमसाठी राखून ठेवा.

आता प्रत्यक्ष पहिल्या संध्याकाळबद्दल. तुमच्यासाठी मंजूर असलेली रोमन सायंप्रार्थनाच घ्या, म्हणजे परवानगीचा प्रश्न उरत नाही. अँग्लिकन परंपरेकडून रीत घ्यायची आहे, ग्रंथ नव्हे. तुमच्या प्रमुख धर्मगुरूंना आधी भेटा आणि परिषदेचे ते वाक्य दाखवा. शनिवारची संध्याकाळ निवडा, कारण चार आठवड्यांच्या प्रार्थनाचक्रातल्या पहिल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे शनिवारी, एकशेएक्केचाळिसावे स्तोत्र येते, आपली प्रार्थना धुपासारखी वर जावी असे मागणारे. ते म्हणत असताना खरोखर धूप घाला. लहान मुलांना शब्दाचा अर्थ नाकाने कळतो. आठ गायक पुरेत. बाकांच्या मधल्या वाटेत चार-चार समोरासमोर उभे करा, पोटमाळ्यावर ठेवू नका. वरून गायले की खालचे लोक श्रोते होतात. मरियेचे स्तोत्र सगळ्यांना येणाऱ्या मराठी चालीवर, उभे राहून, लोकांबरोबर. माईक बंद. पेटीवाल्याला सांगा की ओळीच्या मधल्या शांततेत सूर भरायचा नाही. त्याला तिथे भरायचा मोह होतोच.

अँथम एकच, शेवटी, आणि तिथे तुमचे टॅलिस आणा. ते आधीच बसले आहे, चौघाचौघांत विनासाथ गाता येते, तीन मिनिटांच्या आत संपते. गाण्याआधी योहानचे ते शब्द कोणाला तरी मराठीत वाचायला सांगा. हरकत घेतलेल्या ज्येष्ठांपैकी एकाला सांगितलेत तर फार बरे. बर्डचे ‘आवे वेरूम’ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात घ्या. स्टॅनफर्ड वर्षभर कपाटात राहू दे. आठ जणांच्या घशाला तो आत्ता झेपणार नाही.

ही प्रार्थना महिन्यातून एकदाच ठेवलीत तरी चालेल, पण वार आणि वेळ बदलू नका, लग्नसराईतही नाही. पाच माणसे आली तर पाच जणांत म्हणा. एकशेएक्केचाळिसाव्या स्तोत्राची दोन रांगांसाठी ओळी वाटलेली, विश्रांतीच्या खुणा केलेली मराठी प्रत माझ्याकडे तयार आहे. तारीख ठरली की कळवा, पाठवते. तुमच्या धर्मग्रामात जो मराठी अनुवाद वापरता, त्याप्रमाणे शब्द मात्र तुम्हाला जुळवून घ्यावे लागतील.